नवी जमीन घालण्याआधी कोब्याची ओल पाहा

ताम्हिणी घाटात २५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहरात वर्षभरात सरासरी जेवढा पाऊस पडतो, त्याच्या दोन तृतीयांशाहून अधिक पाऊस एका दिवसात! मुळशी तालुक्यातील अशा मुलखात धरणाच्या काठाने आणि पौड-ताम्हिणी रस्त्यालगत बंगले व फार्महाऊस उभी राहिली आहेत. शहाबादी काढून लाकडी वा विनाइलचे फ्लोअरिंग घालण्याची हौस तेथेही पोहोचली आहे. मात्र श्रावणात बंद असलेले घर उघडावे, तर पट्ट्यांच्या कडा उचललेल्या आणि सांधे फुगलेले आढळतात. दोष फ्लोअरिंगला दिला जातो. तो बहुधा खालच्या काँक्रीटच्या कोब्यात असतो.

जोत्यात ओलरोधक थर घातलेला असताना ओल येते कोठून? मुरूम, दगडी सोलिंग आणि त्यावर अंथरलेला २५० मायक्रॉनचा, म्हणजे १००० गेजचा, प्लास्टिक कागद जमिनीतून केशाकर्षणाने वर चढणारे पाणी अडवतो. मात्र काँक्रीट कालवताना घातलेले पाणी त्या कागदाच्या वरच राहते. त्याला खाली वाट नसते, त्यामुळे ते केवळ वरच्या बाजूनेच उडून जाऊ शकते. त्यावर विनाइल चिकटवले की ती वाटही बंद होते. कोंडलेली ओल सिमेंटमधील अल्कली विरघळवून वर आणते व गोंद सैल पडतो. शेणाने सारवलेली जुन्या घरातील जमीन ओल शोषून पुन्हा हवेत सोडत असे, म्हणूनच ती निभावली.

पाणी मारण्याची मुदत संपली म्हणजे कोबा वाळला, हा समज चुकीचा आहे. कोरड्या हवेत पहिले ५० मिलिमीटर रोज एक मिलिमीटर या वेगाने वाळतात. त्याखालील जाडीला दुप्पट वेळ लागतो, असा ठोकताळा आहे. म्हणजे १०० मिलिमीटर कोब्याला सुमारे पाच महिने. मुळशीत पावसाळ्यातील दमट हवेत हा हिशेब लागू पडत नाही. दिवाळीनंतर ओतलेला कोबा एप्रिल-मेमध्ये हाती येतो; मे महिन्यात ओतलेल्या कोब्यावर गणपतीला लाकूड बसवण्याची घाई महागात पडते.

घरच्या घरी तपासणी करता येते. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवावे. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळसर पडले, तर काम थांबवावे. थेंब न दिसणे हा मात्र कोरडेपणाचा पुरावा नव्हे, कारण ही चाचणी पृष्ठभागापुरतीच बोलते. आर्द्रतामापक अधिक भरवशाचा. ब्रिटिश संहितेत विनाइलसारख्या आवरणासाठी ७५ टक्के ही कमाल मर्यादा धरतात.

डोंगर कापून बांधलेल्या घरात वरच्या अंगाने पाणी झिरपत असेल, तर आधी त्या बाजूला चर खणून पाणी वळवावे. भिंत आणि जमीन यांचा सांधा ही दुसरी नाजूक जागा. जमिनीखालचा कागद भिंतीतील ओलरोधक थराला जोडलेला नसेल, तर ओल तेथूनच आत शिरते.

जुन्या कोब्यात कागदच नसेल, तर पृष्ठभागावर एपॉक्सीचा ओलरोधक लेप देता येतो. त्याआधी वर आलेली सिमेंटची साय, जुना गोंद, तेल व पांढरे क्षार घासून काढणे आवश्यक असते. नुसता झाडू फिरवून भागत नाही. भेगा भरून दोन आडवे-उभे हात द्यावेत आणि दुसरा हात ओला असतानाच त्यावर कोरडी वाळू पेरावी. गुळगुळीत एपॉक्सीला सपाटीकरणाचा थर धरत नाही. शेवटी दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून पाहावी. लॅमिनेटसाठी तिच्याखाली तीन मिलिमीटरहून अधिक फट चालत नाही.

एवढे करूनही सुतार येतो आणि दाराच्या खालच्या कडीसाठी जमिनीत भोक पाडतो. लेप वा कागद तेथे फुटतो. त्यामुळे अशी सर्व भोके आधीच पाडून घ्यावीत. नंतर पाडलेच, तर त्यात एपॉक्सी भरल्याखेरीज कडी बसवू देऊ नये.