कैद्यांची गाडी आणि तिचें नांव

कैद्यांना नेणाऱ्या पोलिसगाडीस इंग्रजी बोलींत दोन टोपणनांवें मिळालीं: ‘ब्लॅक मराया’ आणि ‘पॅडी वॅगन’. पहिलें गेल्या शतकाआधींचें, १८३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत रूढ झालेलें. बोस्टनमध्यें मराया ली नांवाची एक धिप्पाड खाणावळवाली दांडगटांना धरून पोलिसांच्या स्वाधीन करी, अशी आख्यायिका आहे. परंतु तिला समकालीन पुरावा नाहीं. त्याच नांवाची एक काळी घोडी १८३२ सालीं न्यूयॉर्कनजीकच्या शर्यतींत गाजली होती. काळ्या गाडीस तिचेंच नांव चिकटलें असावें, असाही एक तर्क आहे.

दुसऱ्या नांवांत मौज कमी आणि डंख अधिक. ‘पॅडी’ हें पॅट्रिकचें लघुरूप. तेंच सरसकट आयरिश माणसाला हिणवण्यासाठीं वापरीत. १८४५ पासूनच्या दुष्काळांत लाखों आयरिश लोकांनीं अमेरिका गांठली. गाडींत कोंबलेले लोक आयरिश, म्हणून हें नांव पडलें, कीं तिच्यावरचे शिपाई आयरिश, म्हणून पडलें, ह्याचा निर्णय झालेला नाहीं. कसेंही असो, एका शब्दानें एक समाज तुरुंगाच्या दाराशीं नेऊन बांधला.

आपल्याकडे हेंच काम कायद्यानें केलें. वाशीम जिल्ह्यांतील पोहरादेवी हें सेवालाल महाराजांच्या समाधीमुळें बंजारा समाजाचें मोठें तीर्थ. हा समाज मूळचा वाहतूकदारांचा. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून त्यांचे तांडे मोगलांच्या, आणि पुढें इंग्रजांच्या, फौजांना रसद पुरवीत. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली. तांड्यांचा धंदा बसूं लागला. ज्यांच्या फिरण्यावर फौजा जगल्या, त्यांचें फिरणेंच मग संशयास्पद ठरलें. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, १९११ सालीं त्याची व्याप्ति वाढली, आणि बंजाऱ्यांचे कांहीं गटही त्याच्या कक्षेंत आले. गुन्हा घडण्यापूर्वींच जन्मावरून नोंद होई. हजेरी द्यावी लागे. टोपणनांव लोकांच्या तोंडीं असतें, तें काळानें विरतें. नोंदवहींतील नांव पुसण्यास दुसरा कायदाच लागतो.

तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं अमलांत आला. महाराष्ट्रांत बंजारा समाजाची गणना आज विमुक्त जातींत होते. रामनवमीच्या यात्रेस दूरदूरचे तांडे पोहरादेवीस येतात. तेथें त्यांची हजेरी कोणी मागत नाहीं.