मिनी मोटारगाडीचे समायोज्य सस्पेन्शन

समायोज्य सस्पेन्शन म्हणजे मोटारगाडीची जमिनीपासूनची उंची, चाकांचे कोन आणि धक्काशोषकांचा कडकपणा कमीजास्त करता येईल अशी रचना. मराठी परिभाषेत सस्पेन्शनला 'निलंबन' असा शब्द आहे. परंतु तो ऐकताच सरकारी कर्मचाऱ्याची आठवण होत असल्याने कारागिरांत तो रूढ झाला नाही. ब्रिटनमधील मूळ मिनी (१९५९–२०००) ही अशा समायोजनाचे परिचित उदाहरण आहे.

रचना

ॲलेक इसिगोनिस यांनी आराखडा केलेल्या या गाडीची चाके अवघी १० इंचांची होती. एवढ्या लहान गाडीत पोलादी स्प्रिंगांना जागा नसल्याने ॲलेक्स मोल्टन यांनी रबरी शंकू योजले. शंकू आणि चाकाची भुजा यांच्यामध्ये कर्ण्याच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा दांडा असतो. त्याला 'ट्रम्पेट' म्हणतात. १९६४ पासून काही वर्षे द्रवयुक्त 'हायड्रोलास्टिक' पद्धत वापरली गेली. पुढे पुन्हा रबराकडेच वळावे लागले.

मूळ ट्रम्पेटची लांबी ठरलेली असते. 'हाय-लो' प्रकारात त्याजागी आटे असलेला दांडा येतो व त्याची लांबी पान्याने बदलता येते. भुजेच्या तरफेमुळे दांड्यातील १ मिलिमीटरचा फरक पुढील चाकापाशी सुमारे ३, तर मागील चाकापाशी सुमारे ५ मिलिमीटर दिसतो. त्यामुळे मागील बाजूस अर्धा फेराही पुष्कळ ठरतो.

गाडी खाली घेतल्याने रबर कडक होते, हा समज बरोबर नाही. रबरावरील भार जवळजवळ तेवढाच राहतो. कमी होते ती चाकाला वर सरकण्यास उरलेली जागा. खड्ड्यात बसणारा दणका बहुधा भुजा रबरी अटकावावर आपटल्याचा असतो. याहून गंभीर धोका मागील बाजूस आहे. तेथे चाक खाली किती लोंबावे हे धक्काशोषकच ठरवतो. दांडा आखूड केला आणि धक्काशोषक मात्र मूळ लांबीचाच ठेवला, तर चाक लोंबकळताच दांड्याच्या टोकाचा गोलक खोबणीतून निसटू शकतो. म्हणून खाली घेतलेल्या गाडीस आखूड धक्काशोषक आवश्यक असतात.

समायोजनाचा क्रम

प्रथम टायरमधील हवा योग्य दाबाची करून गाडी सपाट जमिनीवर उभी करतात आणि चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाइतका भार ठेवतात. उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतात. जॅकवरून उतरवलेली गाडी थोडी चालवल्याखेरीज घेतलेले माप फसवे असते, कारण चाके लगेच मूळ जागी बसत नाहीत. नवे रबर तर काही आठवडे दबत राहते. एकच कोपरा उचलल्यास डुगडुगणाऱ्या चौरंगाप्रमाणे भार कर्णरेषेत सरकतो, म्हणून चारही कोपरे पुन्हा मोजावे लागतात.

त्यानंतर चाकांचे कोन. कारखान्यातून पुढील चाकांचा माथा १ ते ३ अंश बाहेर झुकलेला (धन कॅम्बर) असे. गाडी खाली घेतल्यावर तो आत झुकू लागतो. समायोज्य खालच्या भुजांनी रस्त्यासाठी साधारण १ ते १.५ अंश ऋण कॅम्बर ठेवतात. त्याहून अधिक झाल्यास टायरची आतील कड लवकर झिजते. कॅस्टर पुढील तिरप्या दांड्याच्या लांबीने ठरतो. मूळ मूल्य ३ अंश आहे. कॅम्बर बदलला की चाकांची दिशाही बदलते, म्हणून टो सर्वांत शेवटी लावतात: पुढे १/१६ इंच बाहेर, मागे १/८ इंच आत.

धक्काशोषक सर्वांत मऊ स्थितीपासून सुरू करून, दोन्ही बाजूंना सारखे, टप्प्याटप्प्याने कडक करतात. ओबडधोबड वळणावर गाडी उड्या मारू लागली, तर एक टप्पा मागे यावे. शर्यतीच्या मैदानावर शोभणारा कडकपणा गावातल्या रस्त्यावर पकड घालवतो.

शेवटी चेकनट घट्ट करून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवतात व टायर कोठे घासत नाही ना, ते पाहतात. उंची बदलल्यास दिव्यांचा झोतही पुन्हा लावावा लागतो. ब्रिटनमध्ये असा बदल विमा कंपनीस कळवावा लागतो. भारतात वाहनातील फेरफारांचे नियमन मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार होते.