सांदण दरी

सांदण दरी ही महाराष्ट्राच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, साम्रद गावाजवळ असलेली अरुंद व खोल घळ आहे. सह्याद्रीच्या मुख्य धारेवर सुरू होणारी ही दरी पश्चिमेकडे कोकणाच्या दिशेने उतरते. दोर लावून दरी उतरण्याच्या साहसी प्रकारासाठी ती प्रसिद्ध आहे.

स्थान व रचना

साम्रद हे गाव भंडारदरा धरणाच्या जलाशयापलीकडे, रतनगडाच्या परिसरात वसलेले आहे. हा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या क्षेत्रात येतो. येथील खडक दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट असून तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून तयार झाला. दोन्ही बाजूंना उभे कडे असल्याने दरीच्या तळाशी सूर्यप्रकाश फार थोडा वेळ पोहोचतो. सुरुवातीच्या भागात पाण्याचे डोह लागतात. त्यांची खोली ऋतूनुसार बदलते. पुढे मोठ्या शिळांचा उतार आणि त्यानंतर दोराने उतरावयाचे कडे आहेत. खालच्या भागातून बाण सुळका दिसतो.

उतरणीचे नियोजन

डोहांपर्यंत जाऊन परत येणे आणि संपूर्ण दरी उतरणे हे दोन भिन्न उपक्रम आहेत. पहिल्यास दोर लागत नाही. दुसऱ्यात कडा उतरल्यावर दोर पुढील टप्प्यासाठी ओढून घेतला जातो. त्यानंतर त्याच वाटेने परतणे शक्य नसते. त्यामुळे परतीचा निर्णय पहिल्या कड्याच्या माथ्यावरच घ्यावा लागतो. पूर्ण उतरण ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात डेहणे गावाकडे संपते. साम्रदला परतायचे असल्यास करोली घाटाची जुनी पायवाट चढावी लागते.

गटाची संख्या हा वेळेचा निर्णायक घटक असतो. एका दोरावर प्रत्येकी दहा मिनिटे धरल्यास अठरा जणांना एकच टप्पा उतरण्यास तीन तास लागतात. म्हणून लहान गट, पहाटेची सुरुवात आणि वाटेत मुक्काम करावयाचा असल्यास त्याची तयारी आवश्यक ठरते. प्रत्येकाजवळ शिरस्त्राण, हार्नेस व विजेरी असावी. गटाकडे राखीव दोर व प्रथमोपचार पेटी असावी. कड्यावरील जुने खिळे व दोर तपासल्याशिवाय वापरू नयेत. स्थानिक वाटाड्या सोबत घेणे आणि परतीची अपेक्षित वेळ गावात सांगून ठेवणे हितावह असते.

धोके

पावसाळ्यात ही दरी पाण्याचा मार्ग बनते. माथ्यावर पडलेला पाऊस दरीत एकवटतो. उभ्या कड्यांमुळे बाजूला निसटण्यास जागा नसते. दरीत कोरडे असतानाही वर झालेल्या पावसाने लोंढा येऊ शकतो. म्हणून पावसाळ्यात दरीत उतरणे टाळावे आणि अवकाळी पावसाची चिन्हे दिसल्यास मोहीम रद्द करावी. सुट्या दरडी, शेवाळलेले दगड व आग्या मोहोळे हे अन्य धोके होत. दरीत मोबाइल संपर्काची खात्री नसते. जखमी व्यक्तीस बाहेर काढण्यास अनेक तास लागू शकतात.