फळमाशीची अळी व तंत्रिका-स्नायू संधीचे आलेखन

तंत्रिका आणि स्नायू यांच्या संधीवरील विद्युत्-व्यापारांच्या अभ्यासाचा पाया बेडकाच्या स्नायूवर घातला गेला. तंत्रिका स्वस्थ असतानाही तेथे सूक्ष्म विभव आपोआप उमटत असतात, हे फॅट व काट्झ यांनी १९५२ साली सविस्तर दाखविले. संदेशवाहक द्रव्य ठराविक पुंजांनी बाहेर पडते, हा देल कास्तियो व काट्झ यांचा १९५४ मधील सिद्धान्त त्यातूनच निघाला. परंतु बेडकाच्या ठायी एकेक जनुक बदलून पाहण्याची सोय नव्हती. ती सोय फळमाशीत मॉर्गनच्या काळापासून होती. अडचण होती ती तिच्या इवल्याशा देहात विद्युदग्र खुपसण्याची.

ही अडचण अळीने दूर केली. पूर्ण वाढलेली अळी पाठीवर उभी चिरून, आतडी काढून टाचण्यांनी पसरली की देहभित्तीचे स्नायू उघडे पडतात. उदराच्या बहुतेक खंडांत प्रत्येक बाजूस तीस स्नायू. प्रत्येक स्नायू म्हणजे एकच तंतू, आणि त्याची जागा अळीगणिक तीच. तोडलेल्या तंत्रिकेचे टोक चूषक-विद्युदग्रात ओढून तिला उद्दीपन द्यावयाचे व स्नायूत रोवलेल्या काचनलिकेने विभव टिपावयाचा, अशी ही रीत.

कॅलिफोर्नियात बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत लिली जॅन व यू नुंग जॅन यांनी १९७६ साली या संधीचे गुणधर्म प्रसिद्ध केले. दोघेही मूळचे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. येथील संदेशवाहक ॲसिटिलकोलीन नसून ग्लुटामेट आहे, हेही त्यांनी दाखविले. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबैद सिद्दिकी यांनी बेन्झर यांच्यासह, तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या उत्परिवर्तित माशांतील विद्युत्-दोषांवर निबंध लिहिला.

या पद्धतीची खरी कसोटी 'शेकर' उत्परिवर्तनाने लागली. ईथरच्या गुंगीत माशीचे पाय थरथरतात, म्हणून हे नाव; नामकरण लक्षणावरून, कारण अज्ञात! १९७७ मध्ये जॅन दांपत्य व डेनिस यांना अशा अळ्यांत द्रव्याचा स्राव प्रमाणाबाहेर लांबलेला आढळला. पोटॅशियम-प्रवाह रोखणाऱ्या औषधाने निरोगी अळीतही तसेच घडे. तेव्हा दोष त्या प्रवाहात असावा, असे अनुमान निघाले. ते केवळ विभवाच्या रेषेवरून काढलेले होते, हे विसरता कामा नये. १९८७ साली ते जनुक हाती आले आणि ते पोटॅशियम-मार्गिकेचेच निघाले.

स्नायू ज्या द्रावणात ठेवीत त्याकडे मात्र पुरेसे लक्ष उशिराच गेले. प्रचलित द्रावणात स्नायूंची अवस्था लवकर खालावे. अळीच्या देहद्रवाशी मिळतेजुळते द्रावण स्ट्यूअर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली सिद्ध केले, तेव्हा कुठे दीर्घकाळ स्थिर आलेखन सुलभ झाले.