तागाची फाळणी

आम्ही सॉफ्टवेअरवाले 'डिपेंडन्सी' हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो. आपला प्रोग्राम दुसऱ्याच्या कोडवर उभा असतो. त्याने तो काढून घेतला की आपलं सगळं ठप्प. या शब्दाचं खरं वजन मला कळलं ते तागाचा इतिहास वाचताना.

1855 मध्ये कोलकात्याजवळ रिश्रा इथे तागाची पहिली गिरणी सुरू झाली. पुढे हुगळीच्या काठाने गिरण्यांची रांगच लागली. ताग मात्र मुख्यतः पूर्व बंगालात पिकायचा. 1947 साली रॅडक्लिफची रेघ ओढली गेली आणि गिरण्या भारतात राहिल्या, उत्तम तागाची बहुतेक शेतं पाकिस्तानात गेली. कागदावर जोडी झकास होती: एकाकडे कच्चा माल, दुसऱ्याकडे यंत्रं.

ती जेमतेम दोन वर्षं टिकली. सप्टेंबर 1949 मध्ये ब्रिटनपाठोपाठ भारतानेही चलनाचं अवमूल्यन केलं. पाकिस्तानने नकार दिला. आता 100 पाकिस्तानी रुपयांना 144 भारतीय रुपये पडणार होते. भारताने हा दर मानला नाही आणि व्यापार अडला. फेब्रुवारी 1951 मध्ये भारताने दर मान्य केला, पण तोवर दोघांनीही आपापली सोय बघायला सुरुवात केली होती. भारतात, ऐन अन्नटंचाईत, भाताच्या जमिनीवरही ताग आला. तिकडे नारायणगंजला 1951 मध्ये आदमजी गिरणी उभी राहिली. पूरक होते ते स्पर्धक झाले.

त्या स्पर्धेत कोण जिंकलं? आदमजी 2002 मध्ये बंद पडली. भारताच्या गिरण्या सरकारने सक्तीने घ्यायला लावलेल्या बारदानावर तगून आहेत, आणि 2017 मध्ये भारताने बांगलादेशी तागमालावर अँटी-डंपिंग शुल्क बसवलं.

माती आणि पाऊस दोन देशांना पूरक बनवतात, पण ते नातं टिकतं भरवशावर. आपल्याकडे आज तीच गोष्ट कांद्याची आहे. बांगलादेश आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक. सप्टेंबर 2019, सप्टेंबर 2020, डिसेंबर 2023: तीनदा आपण निर्यात अचानक बंद केली. शहरातला भाव आवरला असेल, पण लासलगावच्या शेतकऱ्याचं गिऱ्हाईक दर बंदीत एकच धडा शिकतं: दुसरीकडून घ्या, नाहीतर स्वतः पिकवा. निर्यातबंदी एका आदेशाने उठते. गेलेलं गिऱ्हाईक आदेशाने परत येत नाही.