चंद्रा लेव्ही प्रकरण

चंद्रा लेव्ही प्रकरण हे अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथून मे २००१ मध्ये बेपत्ता झालेल्या चंद्रा ॲन लेव्ही (जन्म : १४ एप्रिल १९७७) ह्या तरुणीच्या शोधाचे, हत्येच्या तपासाचे आणि पुढे चाललेल्या खटल्याचे प्रकरण आहे. लेव्ही यांचे प्रतिनिधिगृहाचे सदस्य गॅरी कॉन्डिट यांच्याशी असलेले संबंध उघड झाल्याने हे प्रकरण २००१ च्या उन्हाळ्यात अमेरिकी दूरचित्रवाणीवर सतत गाजत राहिले. वर्षभराने लेव्ही यांचे अवशेष शहरातीलच रॉक क्रीक उद्यानात सापडले. २०१० मध्ये इंगमार ग्वांदिके ह्या एल साल्वाडोरच्या नागरिकास हत्येबद्दल दोषी ठरविण्यात आले. परंतु मुख्य साक्षीदाराची विश्वासार्हता ढासळल्यामुळे तो निकाल टिकला नाही आणि २०१६ मध्ये सरकारने आरोप मागे घेतले. त्यानंतर ह्या हत्येबद्दल कोणासही शिक्षा झालेली नाही.

पार्श्वभूमी

लेव्ही यांचा जन्म ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे एका ज्यू कुटुंबात झाला आणि त्या कॅलिफोर्नियातील मोडेस्टो शहरात वाढल्या. त्यांचे नाव मूळ संस्कृत असले तरी कुटुंबाचे मूळ भारतातील नव्हते. सॅन फ्रान्सिस्को राज्य विद्यापीठातून पत्रकारितेची पदवी घेतल्यावर त्यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. त्याचाच भाग म्हणून त्या वॉशिंग्टनमध्ये संघीय कारागृह विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून काम करीत होत्या. अभ्यासक्रमाच्या अटी आधीच पूर्ण झाल्याने त्या प्रशिक्षणास पात्र राहिल्या नसल्याचे लक्षात आले आणि एप्रिल २००१ मध्ये त्यांचे काम अचानक संपले. पदवीदान समारंभासाठी त्या कॅलिफोर्नियास परतणार होत्या. ३० एप्रिल रोजी त्यांनी व्यायामशाळेचे सभासदत्व रद्द केले. त्यांना पाहिल्याची शेवटची खात्रीशीर नोंद हीच आहे.

बेपत्ता होणे व प्राथमिक तपास

मुलीशी संपर्क होत नाही म्हणून आईवडिलांनी ६ मे रोजी वॉशिंग्टन पोलिसांशी संपर्क साधला. ड्यूपाँट सर्कल भागातील सदनिकेची रीतसर झडती १० मे रोजी झाली. तेथे अर्धवट भरलेल्या बॅगा, ओळखपत्र, क्रेडिट कार्डे आणि भ्रमणध्वनी ह्या वस्तू जागच्या जागी होत्या. जवळपास कोठेतरी जाऊन परत येण्याच्या बेताने त्या बाहेर पडल्या असाव्यात, असे ह्यावरून दिसत होते.

खरा माग त्यांच्या लॅपटॉपमध्ये होता. परंतु योग्य प्रशिक्षण नसलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याने तो हाताळल्यामुळे आंतरजालावरील शोधांची नोंद बिघडली आणि ती पुन्हा जुळविण्यास सुमारे एक महिना गेला. १ मे रोजी सकाळी लेव्ही यांनी रॉक क्रीक उद्यानातील क्लिंगल मॅन्शन ह्या जुन्या वास्तूची माहिती पाहिल्याचे त्यातून समजले. उद्यानाचे कार्यालय ह्याच वास्तूत होते.

२५ जुलै रोजी पोलिसांनी उद्यानात शोध घेतला. रस्ते आणि पायवाटा ह्या दोहोंच्या बाजूंस १०० यार्डांपर्यंतचा भाग पाहावयाचा, अशी मूळ योजना होती. प्रत्यक्षात आदेश खाली पोहोचेपर्यंत पायवाटा गळल्या आणि केवळ रस्त्यांच्या कडेचा भाग पाहण्यात आला. अवशेष ज्या उतारावर होते तो पायवाटेच्या बाजूस असल्याने ते आणखी दहा महिने तेथेच राहिले.

माध्यमांतील प्रसिद्धी आणि गॅरी कॉन्डिट

कॉन्डिट हे मोडेस्टो परिसराचे डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रतिनिधी, विवाहित आणि लेव्ही यांच्याहून सुमारे तीस वर्षांनी मोठे होते. दोघांतील संबंधांची चर्चा प्रथम त्यांच्या कार्यालयाने फेटाळली. जुलैमध्ये पोलिसांना दिलेल्या तिसऱ्या मुलाखतीत मात्र त्यांनी असे संबंध असल्याचे मान्य केल्याची माहिती बाहेर आली. पोलिसांनी त्यांना संशयित म्हणून कधीही जाहीर केले नाही. पण हा खुलासा बातम्यांच्या ओघात वाहून गेला.

लेव्ही कुटुंबाने प्रसिद्धीचा मार्ग जाणीवपूर्वक स्वीकारला होता. मोडेस्टोमध्येच कार्यरत असलेल्या आणि बेपत्ता व्यक्तींच्या कुटुंबांना साहाय्य करणाऱ्या कॅरोल सुंड–कॅरिंग्टन प्रतिष्ठानाने त्यांना मदत केली. वॉशिंग्टनमधील नामांकित वकील बिली मार्टिन यांची त्यांनी नियुक्ती केली. प्रसिद्धी थांबली की तपासही थंडावतो, हा अशा कुटुंबांचा अनुभव पाहता त्यात वावगे काही नव्हते. तथापि जमलेले सारे लक्ष एकाच माणसावर केंद्रित झाले. कॉन्डिट यांच्या सदनिकेची झडती, त्यांनी भेट मिळालेल्या घड्याळाचे खोके कचरापेटीत टाकणे, त्यांचे वकील ॲबी लोवेल यांनी खासगीरीत्या करवून घेतलेली पॉलिग्राफ चाचणी आणि त्या चाचणीवर पोलिसांनी व्यक्त केलेले असमाधान ह्यांपैकी प्रत्येक गोष्ट ठळक बातमी झाली.

२३ ऑगस्ट २००१ रोजी कॉनी चंग यांनी एबीसी वाहिनीवर घेतलेली कॉन्डिट यांची मुलाखत सुमारे २ कोटी ४० लाख प्रेक्षकांनी पाहिली. संबंधांविषयीच्या थेट प्रश्नांना त्यांनी पुनःपुन्हा बगल दिली. वकिली सल्ल्याच्या दृष्टीने मौन सुरक्षित असले तरी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांस ते अपराधाच्या कबुलीसारखे वाटले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर हा विषय बातम्यांतून जवळजवळ एका रात्रीत नाहीसा झाला, परंतु कॉन्डिट यांची प्रतिमा सावरली नाही. ५ मार्च २००२ रोजी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत त्यांचेच माजी सहकारी डेनिस कार्डोझा यांनी त्यांचा पराभव केला. लेखक डॉमिनिक डन यांनी कॉन्डिट यांचा हत्येशी संबंध सूचित करणाऱ्या ऐकीव कथा जाहीरपणे सांगितल्या होत्या. त्याबद्दल कॉन्डिट यांनी १ कोटी १० लाख डॉलरचा बदनामीचा दावा लावला आणि २००५ मध्ये त्यात तडजोड झाली.

ह्या प्रसिद्धीची दुसरी बाजू जॉइस चँग यांच्या उदाहरणात दिसते. स्थलांतर विभागात वकील असलेल्या चँग जानेवारी १९९९ मध्ये ह्याच ड्यूपाँट सर्कल परिसरातून बेपत्ता झाल्या आणि तीन महिन्यांनी पोटोमॅक नदीच्या काठी त्यांचे शव सापडले. लेव्ही प्रकरण गाजू लागेपर्यंत त्यांचे नाव देशभरात फारसे कोणास माहीत नव्हते. गोऱ्या, तरुण स्त्रिया बेपत्ता झाल्या की माध्यमे इतरांच्या तुलनेत कितीतरी अधिक जागा देतात, ह्या प्रवृत्तीस पत्रकार ग्वेन आयफिल यांनी २००४ मध्ये ‘बेपत्ता गोरी स्त्री लक्षणसमूह’ असे उपरोधिक नाव दिले. त्याची उदाहरणे देताना लेव्ही प्रकरणाचा उल्लेख वारंवार होतो.

अवशेषांचा शोध

२२ मे २००२ रोजी कुत्र्यासह फिरावयास आलेल्या एका माणसास रॉक क्रीक उद्यानाच्या दाट झाडीत कवटी दिसली. दंतनोंदींवरून ती लेव्ही यांची असल्याचे निश्चित झाले. जवळच काही हाडे, विद्यापीठाचे नाव असलेला सदरा, वॉकमन आणि गाठ मारलेली काळी लेगिंग्ज मिळाली. वैद्यकीय परीक्षकांनी हा मृत्यू हत्या असल्याचे जाहीर केले, परंतु ती कशी झाली हे सांगण्याजोगे काही उरले नव्हते. पोलिसांचा शोध संपल्यानंतर कुटुंबाने नेमलेल्या खासगी गुप्तहेरांना त्याच परिसरात नडगीचे हाड सापडले. पोलिसांच्या कामाविषयी आधीच असलेल्या नाराजीत त्यामुळे भर पडली.

ग्वांदिकेवरील संशय

ग्वांदिके हा कागदपत्रांविना अमेरिकेत राहणारा तरुण होता. १४ मे आणि १ जुलै २००१ रोजी त्याने ह्याच उद्यानात धावण्यास आलेल्या दोन स्त्रियांवर हल्ले केले. दोघीही झटापट करून निसटल्या. गुन्हे कबूल केल्यावर त्याला फेब्रुवारी २००२ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याने लेव्ही यांच्या हत्येची कबुली दिल्याचे तुरुंगातील एका कैद्याने २००१ मध्येच सांगितले होते, परंतु त्या कैद्याचे कथन पॉलिग्राफ चाचणीत टिकले नाही आणि पोलिसांनी हा धागा बाजूस ठेवला.

वॉशिंग्टन पोस्टने २००८ च्या उन्हाळ्यात तेरा भागांची मालिका प्रसिद्ध करून तपासातील चुका आणि ग्वांदिकेकडे झालेले दुर्लक्ष मांडले. पोलिसांनी तपास नव्याने हाती घेतला आणि मार्च २००९ मध्ये ग्वांदिकेविरुद्ध अटक अधिपत्र निघाले. एका अर्थी, प्रसिद्धीने २००१ मध्ये तपासास जी दिशा दिली होती, ती सात वर्षांनी प्रसिद्धीनेच बदलली.

खटला आणि बचाव पक्ष

ऑक्टोबर २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या सुपीरियर न्यायालयात न्यायाधीश जेराल्ड फिशर यांच्यासमोर खटला सुरू झाला. ग्वांदिकेची बाजू शासकीय खर्चाने चालणाऱ्या ‘पब्लिक डिफेंडर सर्व्हिस’च्या सांथा सोनेनबर्ग आणि मारिया हाविलो यांनी मांडली. वकील करण्याची ऐपत नसलेल्या आरोपीस वकील पुरविण्याचे बंधन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या गिडियन खटल्यात राज्यांवर घातले. वॉशिंग्टनमध्ये हे काम मुख्यत्वे ही संस्था करते. गाजलेल्या प्रकरणात लोकमत आधीच आरोपीच्या विरुद्ध गेलेले असते. अशा वेळी ह्या व्यवस्थेची खरी कसोटी लागते.

सरकारी पक्षाकडे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नव्हता आणि ग्वांदिकेला घटनास्थळाशी जोडणारा डीएनए पुरावाही नव्हता. लेगिंग्जवर एका अनोळखी पुरुषाचा डीएनए आढळला होता. तो ग्वांदिकेचाही नव्हता आणि कॉन्डिट यांचाही नव्हता. तो हाताळणीतील दूषितीकरणामुळे आला, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. उर्वरित पुराव्यात पूर्वीच्या दोन हल्ल्यांतील स्त्रियांच्या साक्षी आणि आर्मांदो मोरालेस ह्या कैद्याची साक्ष होती. एका टोळीचा माजी सदस्य असलेला मोरालेस काही काळ केंटकीतील संघीय तुरुंगात ग्वांदिकेच्या कोठडीत होता. लेव्ही यांना मारल्याची कबुली ग्वांदिकेने आपल्याजवळ दिली, असे त्याने सांगितले.

फसलेल्या तपासाची लाज झाकण्यासाठी ग्वांदिकेला बळीचा बकरा केले जात आहे, असा बचाव पक्षाचा युक्तिवाद होता. त्याने दोन स्त्रियांवर हल्ले केले ह्यावरून तिसरीची हत्याही त्यानेच केली असे सिद्ध होत नाही, ह्यावर त्यांचा भर होता. ग्वांदिकेने स्वतः साक्ष दिली नाही. कॉन्डिट यांची साक्ष झाली. हत्येशी संबंध असल्याचे त्यांनी नाकारले, पण लेव्ही यांच्याशी असलेल्या संबंधांविषयी उत्तर देणे टाळले. काही दिवसांच्या विचारविनिमयानंतर २२ नोव्हेंबर २०१० रोजी ज्यूरीने ग्वांदिकेला प्रथम श्रेणीच्या हत्येबद्दल दोषी ठरविले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्याला ६० वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. लेव्ही यांच्या मृत्यूशी आपला काही संबंध नाही, असे त्याने तेव्हाही न्यायालयास सांगितले.

निकाल रद्द होणे

मोरालेसने साक्षीत स्वतःचे चित्र असे रंगविले होते की, त्याला सरकारी यंत्रणांशी सहकार्य करण्याची सवय नाही आणि तो केवळ सद्बुद्धीने पुढे आला आहे. प्रत्यक्षात त्याने पूर्वीही तपास यंत्रणांना माहिती दिली होती, हे खटल्यानंतर उघडकीस आले. ह्यासंबंधीची सुनावणी प्रथम बंद दाराआड चालली आणि वृत्तसंस्थांनी त्यास हरकत घेतली.

कायदेशीर प्रश्न ब्रेडी तत्त्वाचा होता. आरोपीस अनुकूल असलेली माहिती सरकारी पक्षाने दडवून ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या ब्रेडी विरुद्ध मेरीलँड ह्या निकालात ठरविले. १९७२ च्या जिग्लिओ निकालाने साक्षीदाराच्या विश्वासार्हतेस बाधा आणणारी माहितीही त्यात आली. मोरालेसची पार्श्वभूमी ज्यूरीस कळली असती तर निकाल वेगळा लागला असता, असे बचाव पक्षाचे म्हणणे होते. अन्य भक्कम पुरावा नसल्यामुळे ह्या म्हणण्यास वजन होते. मे २०१५ मध्ये सरकारी पक्षाने नव्या खटल्यास असलेला विरोध सोडला आणि जूनमध्ये न्यायाधीश फिशर यांनी नव्या खटल्याचा आदेश दिला.

तो खटला उभा राहिलाच नाही. तुरुंगातून सुटलेल्या मोरालेसशी ओळख झालेल्या एका अभिनेत्रीने त्याच्याशी झालेली संभाषणे त्याच्या नकळत ध्वनिमुद्रित केली. ग्वांदिकेविषयी आपण खोटे बोललो, असे तो त्यांत म्हणत असल्याचे तिने सांगितले. २८ जुलै २०१६ रोजी सरकारी पक्षाने आरोप मागे घेतले. ग्वांदिकेला स्थलांतर विभागाच्या ताब्यात देण्यात आले आणि मे २०१७ मध्ये त्याची एल साल्वाडोरला पाठवणी झाली. लेगिंग्जवरील डीएनए कोणाचा होता, हे निश्चित झालेले नाही.