अमरपणाचा सोस

लग्नपत्रिका हाती आली की आपण आधी मुहूर्त पाहतो, मग कार्यालय कोणते ते पाहतो. नवऱ्या मुलाच्या नावामागे छापलेले ‘चि.’ मात्र कोणी वाचत नाही. चिरंजीव म्हणजे पुष्कळ काळ जगणारा. वाढदिवसाला आपण औक्षण करतो आणि ‘औक्षवंत हो’ म्हणतो, त्यातही आयुष्यच मागितलेले असते. जुन्या घरांत त्या दिवशी सात चिरंजीवांचे स्मरण करतात : अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य आणि परशुराम. मंडळाच्या भगिनींनी ‘इतिहासावर काही तरी लिहा’ असा आग्रह धरला, तेव्हा मला हाच विषय सुचला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. पण वाचनाची गोडी आहे, आणि वाचता वाचता मनात जे आले ते मांडते.

या सातांत पहिलाच अश्वत्थामा. त्याचे अमरपण हा वर नव्हे, शाप आहे. कपाळावरचा मणी गेला, जखम उरली, आणि ती बरी होत नाही. तो जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरतो, असे आपल्या आज्या सांगत. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तो अजून शंकराच्या पूजेला येतो, अशी तिकडे लोकांची श्रद्धा आहे. मरण नसणे म्हणजे काय, हे या एका गोष्टीत आपल्या लोकांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. तरीही सोस सुटत नाही.

आपले गाव नागनदीचे, म्हणून नागाची गोष्ट सांगते. गरुडाची आई विनता सापांच्या दास्यात होती. तिला सोडवायचे तर अमृत आणून द्या, अशी अट पडली. गरुडाने स्वर्गातून कुंभ आणला, वाटेत स्वतः थेंबही चाखला नाही, आणि दर्भावर ठेवून आईला मोकळे केले. साप आंघोळीला गेले तेवढ्यात इंद्राने कुंभ पळवला. साप दर्भच चाटत बसले आणि त्यांच्या जिभा चिरल्या. महाभारताच्या आदिपर्वात ही कथा आहे. आश्चर्य असे की, इकडे इराकच्या मातीत सापडलेल्या विटांवर गिल्गमेश राजाची जी कथा कोरलेली आहे, तिच्यातही शेवटी सापच येतो. राजा समुद्राच्या तळातून तारुण्य देणारी वनस्पती आणतो, तळ्यावर आंघोळीला उतरतो, आणि साप ती खाऊन कात टाकून निघून जातो. दोन दूरदूरचे देश, आणि दोन्हीकडे आंघोळीतच घात झाला ! सापाला कात टाकताना पाहून माणसाला दोन्हीकडे तोच हेवा वाटला असावा.

आता आपल्या जवळचे. रामटेकला आपण गडावर जातो, अंबाळ्याला जातो. त्याच भागात नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहे. नागार्जुन हे नाव एकाचे नव्हे. बौद्धांचे थोर तत्त्वज्ञ नागार्जुन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे, आणि पाऱ्याची विद्या जाणणारे रससिद्ध नागार्जुन त्यांच्या कित्येक शतकांनंतरचे, असे अभ्यासक मानतात. लोकांच्या तोंडी मात्र दोघे एक झाले आहेत.

नागार्जुनाची कथा काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागरात सांगितली आहे. चिरायु नावाचा राजा, त्याचा हा मंत्री. नागार्जुनाचे लहान मूल गेले. त्या दुःखात त्याने ठरवले की कोणालाच मरण येऊ नये असे अमृत करायचे. एकच औषधी घालायची राहिली होती, तोच इंद्राने अश्विनीकुमारांना पाठवले : माणसे मरेनाशी झाली तर देव आणि माणूस यांत फरक काय राहिला ? तुझा मुलगा स्वर्गात सुखात आहे. नागार्जुनाने ते अमृत जमिनीत पुरले. मूल गेलेल्या बापाला ते पुरताना काय वाटले असेल, यावर सोमदेव फारसे बोलत नाही.

पण राजाला त्याने आधीच रसायन दिलेले होते. राजा आठशे वर्षांचा झाला. जीवहर नावाचा मुलगा युवराज झाला आणि आनंदाने आईच्या, धनपरेच्या, पाया पडायला गेला. ती म्हणाली, बाळ, आनंद कसला करतोस ? तुझ्याआधी किती युवराज झाले आणि वाट पाहता पाहताच गेले. नागार्जुन जेवणाच्या वेळी मागेल त्याला मागेल ते देतो, तू त्याचे डोके माग. पोराने मागितले आणि त्या दानशूराने दिले. राजा वनात गेला, नव्या राजाला नागार्जुनाच्या मुलांनी मारले, आणि धनपराही दुःखाने गेली. चिनी प्रवासी ह्यूएनत्संग सातव्या शतकात आला, त्यानेही थोड्या फरकाने हीच हकीकत लिहिली आहे; त्यात राजा सातवाहन आहे.

धनपरेने केले ते वाईटच. पण तिचे म्हणणे मला अगदीच खोटे वाटत नाही. कोठीच्या किल्ल्या ज्या घरात सुटता सुटत नाहीत, त्या घरातल्या सुनांना विचारावे ! एक कोणी गेलाच नाही तर मागच्यांचे दिवस येणार कधी ?

पाऱ्याचा हा नाद चीनमध्येही होता. पहिला सम्राट शि ह्वांग याने अमर होण्याच्या औषधासाठी समुद्रात जहाजे पाठवली, आणि इसवी सनपूर्व 210 मध्ये पन्नाशीच्या आतच तो गेला. पाऱ्याच्या गोळ्यांनीच गेला असे म्हणतात.

मराठी माणसाला अमरपण म्हटले की चांगदेव आठवलाच पाहिजे. योगबळाने काळाला चुकवून तो चौदाशे वर्षे जगला, अशी कथा. आळंदीच्या पोरसवदा ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून पत्र लिहायला बसला आणि मायन्यावरच अडला. ‘चिरंजीव’ लिहावे तर ज्ञानाने मोठे, ‘तीर्थरूप’ लिहावे तर वयाने लेकरू. शेवटी कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली की चौदाशे वर्षे जगून हा कोरा तो कोराच. ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच चांगदेव पासष्टी. पुढे वाघावर बसून आलेला हा म्हातारा त्या मुलीचा शिष्य झाला.

हिशेब पाहा. ज्ञानदेवांनी 1296 साली आळंदीला समाधी घेतली तेव्हा वय एकवीस. मुक्ताबाई दुसऱ्याच वर्षी तापीकाठी मेहूण येथे विजेच्या लोळात दिसेनाशी झाली, वय अठरा. चांगदेवाची समाधी गोदावरीकाठी पुणतांब्याला, आणि त्याच्या नावाचे देऊळ तापी-पूर्णेच्या संगमावर. जळगाव जिल्ह्यातल्या त्या तालुक्याला पूर्वी एदलाबाद म्हणत. आज मुक्ताईनगर म्हणतात. चौदाशे वर्षांच्या योग्याचे नाव तालुक्याला मिळाले नाही, अठरा वर्षांच्या मुलीचे मिळाले.

आपल्या विदर्भात रिद्धपूरला महदाइसा होऊन गेली. तिचे धवळे सातशे वर्षे टिकले, आणि लीळाचरित्रात तिने चक्रधरस्वामींना विचारलेले प्रश्न टिकले. मूल नाही, बाळ नाही, घर नाही, प्रश्न राहिले. कोणी तरी ते लिहून ठेवले म्हणून राहिले, हेही खरे.

लिहून ठेवण्यावरून आठवले. या स्मरणिकेसाठी मंडळाची पहिली हजेरीवही काढली. सुरुवातीच्या कितीतरी भगिनींची त्यात नुसती आडनावे आहेत, पुढे ‘सौ.’ एवढेच. दोघींची तर तीही नाहीत. ‘वकिलांकडच्या’ आणि ‘कोपऱ्यावरच्या घरच्या’ असे लिहिले आहे. त्यांनी वर्गणी दिली, सतरंज्या घेतल्या, हळदीकुंकवाला पातेली आणली. मंडळाच्या मोठ्या पितळी पातेल्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेले आहे, पण ते यजमानांचे. त्या माहेरी कोणत्या नावाने हाका मारल्या जात, सासरी कोणते नाव ठेवले, आज वहीवरून काही कळत नाही.

तरी वाचणाऱ्या सर्व भगिनींना व शेजाऱ्यांना विनंती की आपल्या घरी सासूबाई, आत्याबाई, जुने फोटो, रुखवताच्या याद्या असतील तर त्यांत शोधावे आणि पूर्ण नाव मंडळात आणून द्यावे. वही कपाटात वरच्या फळीवर आहे. समासात जागा भरपूर आहे, आणि शाईचे पेन मी सोबत ठेवले आहे.